ऐकण्याची खोली: आधी ओल, मग वीज, मग आवाज

हायफायचा, म्हणजे घरी उत्तम आवाजात गाणं ऐकण्याचा, नाद लागला की माणूस आधी अँप्लिफायर बदलतो, मग स्पीकर, मग केबल. सगळं बदलून झालं तरी डग्गा गुरगुरतोच, म्हणून पुन्हा अँप्लिफायर. खोलीची आठवण होते ती अगदी शेवटी. तेव्हाही खोलीचं काम म्हणजे काळ्या फोमचे चौकोन मागवून भिंतीला डकवणं, एवढीच समजूत असते. त्यानं वरचे स्वर मरतात आणि खालची घूं-घूं होती तशीच राहते.

सांगली-मिरज-कुपवाड पट्ट्यातल्या ज्या हौशी मंडळींकडे एक खोली मोकळी झालीय, त्यांच्यासाठी हे लिहितोय. मुलगा पुण्याला नोकरीला गेला असेल, वरचा मजला नव्यानं चढवला असेल, नाहीतर भाडेकरू सोडून गेला असेल. पैसे मोजकेच आहेत आणि घरच्यांचा एक डोळा तुमच्यावर आहे. माझं म्हणणं एकच, कामाचा क्रम चुकवू नका. आधी ओल, मग वीज, मग बाहेरचा गोंगाट, मग स्पीकर आणि खुर्चीची जागा, आणि सगळ्यात शेवटी आवाज शोषणारी पॅनेल. बहुतेक जण बरोबर उलट्या बाजूनं सुरुवात करतात आणि मग पॅनेलच्या मागं बुरशी धरते.

टेप घेऊन खोलीत उभे राहा

खोलीची लांबी, रुंदी आणि उंची फुटांत मोजा. 565 ला प्रत्येक मापानं भागा. जो आकडा येईल, त्या हर्ट्झवर त्या दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये आवाज अडकून घुमणार. आपल्याकडची नेहमीची खोली धरू: 14 बाय 11, स्लॅबची उंची 10 फूट. लांबीचे आले 40 हर्ट्झ, रुंदीचे 51, उंचीचे 56. त्यांच्या दुप्पट-तिप्पट आकड्यांवरही तेच घडतं, फक्त जोर थोडा कमी.

ही तीन मापं एकमेकांपासून जितकी वेगळी तितकं बरं. 10 बाय 10 ची खोली आणि वर 10 फुटांवर स्लॅब म्हणजे तिन्ही दिशांचा घुमारा 56 हर्ट्झवर एकत्र येणार. घरात दोन खोल्या उपलब्ध असतील तर चौकोनी खोली मुलांच्या अभ्यासाला द्या आणि लांबोडकी आपण घ्या. मोठी-लहान हा मुद्दा त्यानंतरचा.

गावभागात, खणभागात किंवा मिरजेच्या जुन्या पेठांत वाडा असेल आणि लाकडी पाटणाची माडी रिकामी असेल, तर ती खोली आरसीसीच्या खोलीपेक्षा बासच्या बाबतीत बहुतेक वेळा सरस निघते. लाकडी तक्तपोशी बासच्या लाटेबरोबर थोडी हलते आणि तेवढी ऊर्जा खाते. काँक्रीट काहीच खात नाही, सगळं परत फेकतं. अर्थात माडीवर रात्री अकराला भजन लावलं तर खाली झोपलेले आजोबा काय म्हणतील, ते तुमचं तुम्ही बघा.

ओल

सांगलीत घराचं कुठलंही काम ओलीपासून सुरू करावं लागतं. 2005, 2019 आणि 2021 चे पूर ज्यांच्या घरात शिरले, त्यांना हे सांगायला नको. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी 45 फूट. 2019 मध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं. तुमचं घर त्या पाण्याच्या रेषेखाली येत असेल तर ऐकण्याची खोली तळमजल्यावर करूच नका. दुसरा इलाज नसेल तर प्लगपॉइंट चार फुटांवर घ्या, आणि रॅक एका माणसाला उचलून जिन्यावरून नेता येईल असा दोन तुकड्यांत करा.

पूर आला नसला तरी ओल येतेच: गच्चीच्या कोब्यातून, खिडकीच्या सज्ज्यातून, बाथरूमच्या सामाईक भिंतीतून. गवंडी भिंतीवर हात फिरवतो आणि म्हणतो, "साहेब, खडखडीत वाळलीय, मारू का पुट्टी?" लगेच हो म्हणू नका. दोन फूट बाय दोन फूट पारदर्शक प्लास्टिकचा कागद घ्या, चारही कडांनी टेप लावून भिंतीला हवाबंद चिकटवा आणि दोन दिवस विसरून जा. कागदाच्या आतल्या बाजूला दव जमलं तर पाणी भिंतीतून येतंय. बाहेरच्या बाजूला जमलं तर ते हवेतलं दमटपण आहे, त्याचा इलाज वेगळा. ही परीक्षा जमिनीपासून फूटभर उंचीवर, खिडकीखाली आणि स्लॅबच्या जवळ अशी तीन ठिकाणी करा.

भिंतीला लोणा लागला असेल, पांढरी भुकटी सुटत असेल, तर आतून रंग किंवा वॉटरप्रूफ पुट्टी मारून तो झाकला जातो, जात नाही. पाणी कुठून येतंय ते बाहेरून बंद करा, खराब गिलावा ओलीच्या रेषेच्या फूटभर वरपर्यंत खरवडून काढा आणि भिंत उघडी ठेवून एक अख्खा उन्हाळा वाळू द्या. एवढी वाट बघणं जिवावर येतं, पण या भिंतीवर पुढं पॅनेल टांगायची आहेत. ओल्या भिंतीला पॅनेल लावलं की दुसऱ्या पावसाळ्यात खोलीला वास येतो आणि तो वास रेकॉर्डच्या कव्हरांत जाऊन बसतो.

नदीकाठच्या काळ्या मातीत घर असेल तर भिंतींना बारीक तडे येत राहणार. उन्हाळ्यात माती आकसते, पावसात फुगते. रंगाआधी तडे भरून घ्या. आवाज बाहेर जाण्याचा आणि बाहेरचा आत येण्याचा तो रस्ता आहे, याचा हिशोब पुढं येतोच. लाकूडकाम करायचंच आहे, तेव्हा वाळवीची फवारणीही याच टप्प्यावर उरकून घ्या.

वीज

भिंती उघड्या आहेत तोवर वायरमनला बोलवा. मेन बोर्डावरून ऐकण्याच्या खोलीसाठी स्वतंत्र लाइन आणायची: 4 चौरस मिलीमीटरची तांब्याची वायर, तिचा स्वतःचा एमसीबी, आणि सोबत जाड अर्थिंगची वायर. एसी, फ्रिज, पाण्याची मोटर यातलं काहीही या लाइनवर नको. अँप्लिफायर, डीएसी (डिजिटल गाणं अँप्लिफायरला कळेल असं करणारी पेटी), टर्नटेबल, सगळं एकाच जागच्या प्लगांवर घ्या. टीव्हीच्या डिशची केबल एका बाजूनं आणि अँप्लिफायरचं अर्थिंग दुसऱ्या बाजूनं आलं की दोघांमध्ये फेरा तयार होतो आणि स्पीकरमधून 50 हर्ट्झची भुणभुण सुरू होते.

ही भुणभुण घालवायला प्लगची अर्थिंगची पिन काढणारे महाभाग आपल्या गावात कमी नाहीत. ते करू नका. अँप्लिफायरच्या आत काही बिघडलं तर त्याच्या पत्र्यावर 230 व्होल्ट येतात आणि मग ती पिनच जीव वाचवते. डिशची केबल काढून बघा; भुणभुण थांबली तर दोष तिथला, आणि त्यासाठी बाजारात आयसोलेटर मिळतो.

अर्थिंगचा खड्डा बहुतेक घरांत असतो, पण तो कुठं आहे हे कुणालाच आठवत नाही. तो शोधा. वायरमनला मीटर लावून न्यूट्रल आणि अर्थिंग यांच्यामधला दाब मोजायला सांगा. दोन व्होल्टच्या आत असेल तर ठीक. दहा-बारा दाखवत असेल तर आधी जोडण्या तपासायच्या, मग खड्डा. मीठ-कोळशाचा जुना खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडतो, त्यात अधूनमधून बादलीभर पाणी ओतावं लागतं.

पंख्याचा रेग्युलेटर ही क्षुल्लक वाटणारी पण हमखास त्रास देणारी वस्तू. गोल फिरवून हवा तसा वेग देणारा जुना इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर विजेच्या लाटेचे तुकडे करतो. पंखाही गुणगुणतो आणि फोनो स्टेजमध्ये, म्हणजे टर्नटेबलचा क्षीण सिग्नल वाढवणाऱ्या पेटीतही, खरखर उतरते. खटक्या-खटक्यानं पाच वेग देणारा कपॅसिटरचा रेग्युलेटर बसवा. तसंच इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल तर लाइट गेल्यावर अँप्लिफायरचा ट्रान्सफॉर्मर घुंगावतो. अशा वेळी गाणं बंद करून गच्चीत जावं हे उत्तम.

बाहेरचा गोंगाट

खोलीतला आवाज सुधारणं आणि खोली आवाजबंद करणं ही दोन पूर्ण वेगळी कामं आहेत. पहिलं मऊ, सच्छिद्र मालानं होतं. दुसरं वजनानं आणि फटी बुजवून होतं. फोम भिंतीला लावला म्हणून शेजाऱ्याला कमी ऐकू येत नाही. अंड्याच्या ट्रेनं तर दोन्हीपैकी काहीच होत नाही, वर त्या पेटतात.

आपल्या नऊ इंची विटांच्या भिंती या कामाला चांगल्या आहेत. गळती असते ती दार-खिडक्यांत. भिंतीच्या क्षेत्रफळाच्या 1 टक्का जागा जरी उघडी राहिली तरी ती अख्खी भिंत 20 डेसिबलपेक्षा जास्त आवाज अडवू शकत नाही, मग ती दगडाची का असेना. दाराखालची बोटभर फट, चौकटीच्या कडेनं सुटलेला गिलावा, एसीच्या पाइपसाठी पाडलेलं भोक, हे सगळं मोजून बघा. भोकं आणि तडे सिलंटनं भरा. पोकळ फ्लश दार काढून भरीव 35 मिलीमीटरचं बसवा, चौकटीला तिन्ही बाजूंनी रबरी गॅस्केट लावा आणि दाराखाली दार मिटल्यावर खाली उतरणारी पट्टी बसवून घ्या.

खिडकीची अॅल्युमिनियमची सरकती तावदानं मात्र बासबरोबर टाळ वाजवतात. जुनी खिडकी तशीच ठेवून आतल्या बाजूला चार इंच अंतर सोडून जाड लॅमिनेटेड काचेची दुसरी झडप लावली तर मोटारसायकलींचा आवाज बराच उतरतो. ती उघडता येईल अशीच करा, कारण सांगलीतला एप्रिल बंद खोलीत काढायचा नसतो.

एवढं करूनही दोन गोष्टी थांबत नाहीत. एक गणपतीतला डीजे, आणि दुसरा गळीत हंगामात रस्त्यानं जाणारा उसाचा ट्रॅक्टर. दोन ट्रॉल्या ऊस आणि ड्रायव्हरच्या डोक्यावर गाण्याचे भोंगे. त्या बासला अडवायला खोलीच्या आत दुसरी खोली बांधावी लागते. तेवढा खर्च करण्यापेक्षा नोव्हेंबर ते मार्च रात्री उशिरा ऐका.

जागा ठरवणं, ज्याला पैसे लागत नाहीत

खोली रंगवून कोरडी झाली, वीज आली, दार बसलं. आता पॅनेलचा विचार न करता फक्त स्पीकर आणि खुर्ची आत न्या.

स्पीकर आखूड भिंतीकडे ठेवायचे, म्हणजे आवाज लांबीच्या दिशेनं येईल. आपल्या 14 बाय 11 च्या खोलीत सुरुवात अशी करा: स्पीकरचा दर्शनी भाग त्याच्या मागच्या भिंतीपासून तीन फुटांवर, दोन स्पीकरमध्ये साडेसहा फूट अंतर, आणि खुर्ची तुमच्या पाठीमागच्या भिंतीपासून सव्वापाच फूट पुढं, म्हणजे लांबीच्या 38 टक्क्यांवर. खोलीच्या बरोबर मधोमध बसू नका, तिथं 40 हर्ट्झ जवळजवळ गायब होतात. पाठीमागच्या भिंतीला डोकं टेकूनही बसू नका, तिथं बास फुगतो. आपल्याकडे सोफा भिंतीला लावण्याची पद्धत आहे आणि घरात यावर वाद होतोच. चाकाची खुर्ची घ्या, ऐकून झालं की परत भिंतीला.

स्पीकरपासून मागच्या भिंतीपर्यंत जाऊन परत आलेला आवाज मूळ आवाजाला एका ठरावीक हर्ट्झवर खोडतो. 1130 भागिले अंतराच्या चौपट, असा हिशोब. तीन फुटांना 94 हर्ट्झ येतात. तो खड्डा असणारच, तुमच्या हातात एवढंच की तिन्ही खड्डे एका जागी पडू द्यायचे नाहीत. वूफरचं जमिनीपासून, बाजूच्या भिंतीपासून आणि मागच्या भिंतीपासून अंतर कधीही सारखं ठेवू नका. मागं तीन फूट, बाजूला सव्वादोन, खाली दीड, असं चालेल.

मग ओळखीची एक चीज लावा आणि स्पीकर दोन-दोन इंच पुढं-मागं करत जा. फरशीवर खडूनं किंवा मास्किंग टेपनं खुणा करा, नाहीतर काल कुठं चांगलं वाजत होतं हे आज सापडत नाही.

मोजमाप

आरईडब्ल्यू म्हणून एक मोफत सॉफ्टवेअर आहे आणि त्याबरोबर युमिक-1 सारखा कॅलिब्रेट केलेला यूएसबी माइक लागतो. दोन-तीन दोस्तांनी मिळून एक माइक घेतला तरी पुरतो. माइक खुर्चीवर कानाच्या उंचीला स्टँडवर लावा, पंखा-एसी बंद करा, डावा आणि उजवा स्पीकर वेगवेगळा मोजा, मग दोन्ही एकत्र. पहिल्यांदा फक्त 20 ते 200 हर्ट्झचा भाग बघा. तिथं 15-20 डेसिबलचे डोंगर-दऱ्या दिसल्या तर घाबरू नका, रिकाम्या आरसीसी खोलीत त्या असतातच. दुसरा आलेख बघायचा तो आवाज विरायला किती वेळ लागतो त्याचा. डोंगर उंच आहे यापेक्षा तो किती वेळ रेंगाळतो, यानं कान जास्त विटतो.

माइक नसेल तर टाळी वाजवा. मोकळ्या समांतर भिंतींमध्ये टाळीच्या मागं 'टर्रर्र' असा फडफडाट येतो. ही झाली वरच्या पट्टीची परीक्षा. बासचं काही टाळीनं कळत नाही.

आता पॅनेल, पण आधी मंडपवाल्याकडे जा

हार्वर्डमधल्या फॉग संग्रहालयाच्या व्याख्यानगृहात बोललेलं कुणाला समजत नव्हतं. ते सुधारण्याचं काम 1895 मध्ये वॉलेस साबाइन या तरुण प्राध्यापकाकडे आलं. त्यानं शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री उचलून आणल्या, थोड्या-थोड्या करत हॉलमध्ये मांडल्या आणि दर वेळी आवाज विरायला किती सेकंद लागतात ते मोजलं. त्यातून निघालेलं सूत्र आजही वापरतात: फुटांत मापं घेतली तर 0.049 गुणिले खोलीचं घनफळ, भागिले एकूण शोषण.

आपल्या खोलीला लावू. घनफळ 1540 घनफूट. सगळे पृष्ठभाग मिळून 808 चौरस फूट, आणि गिलावा-फरशी आवाज खाते जेमतेम 3 टक्के, म्हणजे शोषण 24. उत्तर येतं तीन सेकंदांच्या आसपास. देवळाच्या गाभाऱ्याला ठीक आहे. ऐकायला आपल्याला 0.4 सेकंद हवेत, त्यासाठी शोषण लागतं 189. गादी, जाड चुणीदार पडदा, जाजम, पुस्तकांचं कपाट आणि तुम्ही स्वतः मिळून 65 च्या घरात जातात. उरले 100. आठ चौरस फुटांचं एक पॅनेल धरलं तर बारा पॅनेल. छोट्या खोलीत हे सूत्र ढोबळच आहे आणि बासच्या पट्टीत त्यावर विसंबता येत नाही, पण किती माल आणायचा याचा अंदाज येतो.

माल आणण्याआधी साबाइनचीच युक्ती करा. मंडप-डेकोरेशनवाल्याकडून दहा-बारा कापसाच्या गाद्या एका दिवसाच्या भाड्यानं आणा. चारही कोपऱ्यांत दोन-दोन उभ्या करा, मोजा. मग बाजूच्या भिंतींना टेकवा, मोजा. कुठं फरक पडतो आणि कुठं काहीच पडत नाही हे एका दुपारी कळतं. टेंपोवाला विचारतो, "दादा, कार्यक्रम कसला?" आपण म्हणायचं, साखरपुडा.

बाजूच्या भिंतींवर पॅनेल नेमकं कुठं लावायचं? तुम्ही खुर्चीत बसा, दुसऱ्याला भिंतीवरून आरसा सरकवायला सांगा. आरशात जिथं स्पीकर दिसतो तिथं पॅनेल. डावीकडे, उजवीकडे आणि छतावरही. जमिनीवर त्याच ठिकाणी जाजम किंवा घोंगडी. आटपाडी-जतकडची जाड धनगरी घोंगडी या कामाला झकास आहे. भिंतीवर टांगायची तर भिंतीपासून तीन-चार इंच सुटी टांगा, सपाट चिकटवलेल्या घोंगडीपेक्षा तिचा जास्त उपयोग होतो.

पॅनेलचा माल म्हणजे रॉकवूल, दगडापासून केलेली लोकर. शोधायला लांब जायला नको. साखर कारखान्यांच्या बॉयलरना आणि कुपवाड एमआयडीसीतल्या भट्ट्यांना इन्सुलेशन करणारे ठेकेदार तो वापरतात. फक्त नीट सांगा: जाळी शिवलेली गुंडाळी नको, घनमीटरला 48 किलो घनतेची ताठ स्लॅब हवी, 50 मिलीमीटर जाडीची, 1200 बाय 600 ची. रॉकवूल पेटत नाही, हा त्याचा मोठा गुण. साधा पॉलियुरेथेन फोम भराभर पेटतो आणि त्याचा धूर विषारी असतो. विजेच्या उपकरणांनी भरलेल्या बंद खोलीत तो भिंतभर लावणं मला पटत नाही, मग तो किती का स्वस्त असेना.

एक पॅनेल असं करायचं. सुताराकडून चार इंच रुंद, पाऊण इंच जाड पाइनच्या पट्ट्यांची चौकट करून घ्या, आतलं माप स्लॅबपेक्षा पाच मिलीमीटर कमी, म्हणजे स्लॅब दाबून बसते, खाली घसरत नाही. कोपऱ्यांत त्रिकोणी आधार स्क्रूनं. चौकटीच्या पाठीला पातळ नॉनवोव्हन कापड स्टेपल करा. मग चौकट उलटवून त्यात दोन स्लॅब एकावर एक बसवा, म्हणजे जाडी चार इंच झाली. वरूनही तेच नॉनवोव्हन, कारण रॉकवूलचे तंतू हवेत उडायला नकोत. हे करताना हातमोजे, मास्क आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला. सगळ्यात वर दर्शनी कापड. विट्याच्या किंवा इचलकरंजीच्या मागावरचं साधं सुती कापड घ्या, परीक्षा सोपी आहे: ओठांना लावून फुंका, पलीकडे हात धरा. हवा सहज गेली तर आवाजही जाईल. रेक्झिन, सॅटिनचं घट्ट कापड, ऑइलपेंट, सगळं बाद. कापड ओढताना आधी चारही बाजूंच्या मध्यावर एकेक पिन मारा, मग मध्याकडून कोपऱ्यांकडे जा, नाहीतर तिरक्या सुरकुत्या पडतात आणि त्या रोज डोळ्यांत खुपतात. पॅनेल भिंतीला टेकवू नका, मागं ठोकळे लावून दोन ते चार इंच पोकळी सोडा. त्या पोकळीनं बासच्या दिशेनं फुकटात आणखी थोडं काम होतं, आणि भिंतीला हवा लागते.

चार इंचांचं पॅनेल पोकळीसकट साधारण 150-200 हर्ट्झपर्यंत खाली पोचतं. त्याखालचा बास मारायला कोपरे भरावे लागतात. रॉकवूलची स्लॅब मधोमध कापून दोन चौरस, प्रत्येक चौरस कर्णावर कापून दोन त्रिकोण. हे त्रिकोण कोपऱ्यात जमिनीपासून छतापर्यंत रचत जायचं. दहा फुटांच्या एका कोपऱ्याला 61 त्रिकोण, म्हणजे सोळा स्लॅब लागतात. इथं हलक्या घनतेचा माल जास्त चांगला चालतो, 24 ते 32 किलोचा ग्लासवूलही चालेल, फक्त खालचे थर दबू नयेत म्हणून दर तीन फुटांवर पातळ फळी टाका. पैसे दोनच कोपऱ्यांचे असतील तर गाद्यांच्या प्रयोगात ज्या दोन कोपऱ्यांनी जास्त फरक पाडला ते भरा. माझ्या मते बजेट कमी पडत असेल तर भिंतींवरची पॅनेल कमी करा, पण कोपरे सोडू नका.

पाठीमागच्या भिंतीवर आवाज विखुरणारे लाकडी डिफ्यूझर लावायची सध्या फॅशन आहे. सव्वापाच फुटांवर पाठ असताना पुस्तकांनी वेडंवाकडं भरलेलं कपाट तेच काम करतं, आणि पुस्तकंही वाचता येतात.

तंबोरा आणून बघा

इतर गावांत खोली तपासायला टेस्ट सीडी लावतात. आपल्याकडे मिरज आहे. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये जीआय मानांकन मिळालं. दर्ग्याच्या उरुसात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ होणारी संगीतसभा तुमच्यापैकी कित्येकांनी जमिनीवर मांडी घालून ऐकलेली असेल. तेव्हा एखाद्या गाणाऱ्या मित्राला तंबोऱ्यासकट चहाला बोलवा, स्पीकर जिथं आहेत तिथं बसवा आणि तुम्ही खुर्चीत बसा.

मर्दानी तंबोरा काळी एकला लावला की जोड, म्हणजे मधल्या दोन तारा, येते 138 हर्ट्झच्या पुढं आणि खर्ज, म्हणजे शेवटची जाड तार, 69 वर. आता आपल्या खोलीचं गणित बघा: लांबी आणि उंची या दोन्हींत मिळून तयार होणारा घुमारा बरोबर 69 हर्ट्झवर पडतो. म्हणजे उपचार न केलेल्या 14 बाय 11 बाय 10 च्या खोलीत खर्जाची तार छेडली की पुढच्या पंचमावरही तिचं सावट राहणार. कोपरे भरल्यावर खर्ज संपून पंचम स्वच्छ वाजला पाहिजे. आणि जवारीतून फुटणारे वरचे स्वर, ते जर मलूल झाले असतील तर पॅनेल जास्त झालीत. दोन काढा. तासाभरात मित्राला खोलीत गुदमरल्यासारखं होऊन तो आवाज चढवायला लागला, तरीही तेच समजा.

इक्वलायझर आणि पहिला पावसाळा

हे सगळं झाल्यावर उरलेला एखाद-दुसरा डोंगर डीएसपीनं, म्हणजे डिजिटल इक्वलायझरनं, छाटायला हरकत नाही. फक्त छाटायचं, दऱ्या भरायच्या नाहीत. दरीत आवाज खोडला जातो, तिथं कितीही जोर लावला तरी अँप्लिफायर तापतो आणि दरी तशीच राहते. फिल्टर फार अरुंदही करू नका. जानेवारीच्या पहाटे 15 अंशांवर आवाजाचा वेग सेकंदाला 340 मीटर असतो, एप्रिलच्या दुपारी 40 अंशांवर 355. चार टक्क्यांहून जास्त फरक पडला की 50 वरचा डोंगर 52 वर सरकतो आणि तुमचा टोकदार फिल्टर मोकळ्या जागेवर कुऱ्हाड मारत बसतो.

जून लागला की खोलीत साधा आर्द्रतामापक टांगा. 60 टक्क्यांच्या वर काटा राहायला लागला तर एसी ड्राय मोडवर रोज तासभर चालवा. रेकॉर्ड उभ्याच ठेवा आणि कपाट भिंतीपासून दोन इंच पुढं ओढा. जुन्या स्पीकरच्या कोनाभोवतीची कडा फोमची असेल तर आपल्या हवेत ती भुसभुशीत होते, बोटानं हलकेच दाबून बघा. रबरी कडेला ही भीती कमी. श्रावणात एकदा बाहेरच्या भिंतीवरचं एक पॅनेल उतरवून त्याच्या पाठीला आणि भिंतीला हात लावा. गार आणि चिकट लागलं तर त्या भिंतीवरची सगळी पॅनेल दिवाळीपर्यंत पलंगाखाली ठेवा, आणि गवंड्याला पुन्हा फोन करा.